सारिकाच्या लॅपटॉपचा पत्रा

देऊळघाटच्या किसनरावांना कोणतीही नवी वस्तू दाखवली, की ते आधी ती बोटाच्या पेरानं वाजवून बघत. कपाट असो, पाण्याची टाकी असो, नाहीतर शेजाऱ्याची नवी मोटारसायकल. किंमत मागाहून, आवाज आधी. एस.टी.च्या वर्कशॉपात पत्रा ठोकण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं, त्याला कोण काय करणार? झाडाला, ट्रकला, क्वचित म्हशीला धडकून आलेल्या बसेस त्यांच्यापुढे उभ्या राहायच्या, आणि किसनराव लाकडी हातोडीनं एकेक पोचा असा उठवायचे की खुद्द ड्रायव्हरला जागा सापडू नये. निवृत्त झाल्यावरही बसमध्ये चढताना त्यांचा हात सवयीनं दाराशेजारच्या पत्र्यावर फिरायचा.

त्यांची एकुलती एक मुलगी सारिका. कॉलेजात असताना तिनं घेतलेला लॅपटॉप प्लास्टिकचा होता. त्याच्या बिजागरीजवळ आधी केसाएवढी चीर गेली, मग एक दिवस स्क्रूसकट तुकडाच निघून आला. किसनरावांनी चिकटवून पाहिलं, तारेनं बांधून पाहिलं. पण प्लास्टिकनं त्यांना दाद दिली नाही. पुढे नोकरी लागली आणि दुसरा घ्यायची वेळ आली, तेव्हा बापलेक बुलढाण्याला दुकानात गेले. सारिका आतलं काय काय विचारत होती आणि किसनराव झाकणं वाजवत होते.

“हा घे, अल्युमिनियमचा,” ते म्हणाले. “पिलास्टिक हलकं असते, सस्तं असते, सगळं खरं. पण एकदा तडकलं का गेलं. पत्रा तडकत नाही, वाकते. वाकला त मी हावो सरळ कराले.”

“बाबा, ही बस नाही,” सारिका म्हणाली. पण घेतला तोच.

कंपनीचं काम घरूनच असायचं. खिडकीपाशी टेबल टाकून ती दिवसभर बसे. लहानपणापासून तिच्या हातांना घाम फार. परीक्षेत पेपर ओला होऊ नये म्हणून तळव्याखाली रुमाल ठेवणारी पोर. लॅपटॉपच्या बटणांखाली जिथे मनगटं टेकतात, तिथे घामाची ओल राहायची. संध्याकाळी तिचं काम संपलं की किसनराव धुऊन मऊ झालेलं फडकं घेऊन हजर.

“घासणी नको लावू, साबण नको,” ते तिला बजावत. “जरासं ओलं फडकं, मग कोरडं. याच्यावर बारीक मुलामा असते. थो एकदा गेला का परत येत नाही. अन् घाम त त्याले खाऊनच राह्यला.”

“मग पगार तुमीच घ्या, मी फक्त घाम गाळते,” म्हणून ती हसायची.

हा सगळा पसारा बापलेकीचा. बनाबाई, सारिकाची आई, स्वयंपाकघरात असायची. तिला यातलं कुणी काही समजावून सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. आणि एवढं पुसूनही बटणांखाली दोन फिकट, खरखरीत डाग पडलेच. एक डाव्या हाताचा, एक उजव्या.

सारिका मैत्रिणीकडे धामणगाव बढ्याला गेली होती. परतताना घाटात तिची स्कूटी घसरली. दवाखान्यात पोचायच्या आधीच सगळं संपलं.

पाठीवरची बॅग पोलिसांनी किसनरावांच्या हातात दिली. लॅपटॉपचा एक कोपरा चेमटला होता, बाकी काही नाही. भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी तो उलटापालटा करून म्हणालं, “पिलास्टिकचा असता त चुरा झाला असता!” बोलणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं. पण माणसानं कधी कधी जीभ घरी ठेवून यावं. टिकाऊ घे, टिकाऊ घे म्हणून आपणच तिच्या मागे लागलो होतो, आणि ते खरंच टिकलं, हे किसनरावांच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं.

लॅपटॉप उघडायचा परवलीचा शब्द तिच्याबरोबर गेला. दुकानदार म्हणाला, आतलं सगळं पुसून चालू करून देतो. किसनराव तो तसाच उचलून घरी घेऊन आले. आता राहिला होता तो नुसता पत्रा. चेमटलेला कोपरा उठवणं त्यांना अवघड नव्हतं, पण हातोडी धरवली नाही. रोज सकाळी चहा झाला की ते झाकण उघडत आणि त्या दोन डागांवर आपली मनगटं टेकवून बसत. तेवढी खरखर हाताला लागली, की लेक आत्ताच उठून पाणी प्यायला गेली आहे असं वाटे. त्यावरच त्यांचा दिवस निघे.

वर्ष भरत आलं. स्मृतिदिनाला भन्तेजी येणार, तिच्या मैत्रिणी येणार. किसनराव सकाळीच मोठा करून मढवलेला फोटो आणायला बुलढाण्याला गेले.

परतले तेव्हा बनाबाई ओट्यावर बसली होती. समोर पाटावर लॅपटॉप, उन्हात डोळे दिपतील असा. शेजारी चिंचेचा कोळ, राखेची वाटी आणि तारेची घासणी. तिच्या हातच्या जर्मनच्या, म्हणजे अल्युमिनियमच्या, पातेल्यात तोंड दिसतं, असं सारं गाव म्हणायचं. हाही जर्मनच, तिनं वाजवून ओळखला होता. नवऱ्याकडून तेवढं ती शिकली होती.

“पाहा बरं,” ती म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदा तिच्या तोंडावर काहीतरी हललं. “तुमी रोज हात ठेवून बसता नं, थेच दोन डाग. म्हटलं, पोरीची वस्तू, पाव्हण्यांपुढं डागाची काऊन ठेवाची? सकाळपासून घासून राह्यली, तवा कुठी निघाले. ठेवा बरं हात.”

किसनरावांनी फोटो भिंतीला टेकवला. खाली बसले, मनगटं टेकवली. कुठेच काही लागलं नाही. घामानं दोनच जागी खाल्लेला मुलामा आता सगळीकडून गेला होता, आणि सारिका कुठे बसायची ते पत्र्याला सांगता येत नव्हतं. ओरडावं, घासणी भिरकावून द्यावी, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं.

“कायचे होते हो थे डाग?” तिनं विचारलं.

“कायचे नाही वं,” किसनराव म्हणाले. “पाणी लागलं असीन कधी. लय चांगलं केलं तू.”

बनाबाईनं पदरानं कपाळ टिपलं. तिची बोटं काळीमिट्ट झाली होती, नखांत पत्र्याचं काळं भरलं होतं. जे निघालं ते सगळं तिथे होतं. त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

“सोडा, काय करता,” ती संकोचून म्हणाली. “हात धुवा लागतीन. भन्तेजींची खीर करायची आहे.”

धुऊ नको, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण मग का, ते सांगावं लागलं असतं. किसनराव उठले, रांजणातून तांब्या भरून आणला आणि तिच्या हातांवर त्यांनीच पाणी घातलं.