उखळाखालचे वाळे

पुरावा दाखवा, मग बोला — हा माझा खाक्या. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी पानाचा डबा उघडून बसायचो. पण ही एक केस मात्र...

१९३० नंतरचा काळ. आपला भाग तेव्हा पश्चिम खानदेशात होता आणि शहाद्याच्या कोर्टात माझी वकिली नवी होती. सुगी नावाची भिलाची पोर, फार तर दहा वर्षांची, कळसाडीच्या एका बागाइतदाराकडे तान्हं बाळ सांभाळायची. बाळाच्या पायातले चांदीचे वाळे गेले आणि आळ सुगीवर आला. तिची आई रुमली धडगावकडच्या डोंगरातून चालत माझ्याकडे आली.

माझा बचाव सरळ होता. बारा वर्षांखालच्या मुलाला चोरी म्हणजे काय हेच कळत नसेल, तर कायदा त्याला गुन्हेगार मानत नाही. एवढं पटवलं की पोर घरी. नाही तर दूरची सुधारशाळा.

रुमलीला पोरीचं वय विचारलं, तर ती मोडक्या अहिराणीत म्हणाली, "ही मन्ही सासू शे."

मी कपाळावर हात मारला! गेलेलं माणूस घरातच परत जन्माला येतं असं त्यांच्यात मानतात. सुगीच्या पाठीवर सासूसारखाच डाग होता, म्हणून अख्खा पाडा तिला आजीच म्हणायचा. ती सासू तरुणपणी त्याच बागाइतदाराच्या घरी राबलेली.

"बाई, कोर्टात हे बोलू नकोस," मी म्हटलं. बिचारी बोलली नाही.

सुनावणीत मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मायेनंच विचारलं, "घाबरू नको बाळ. वाळे कुठं आहेत?"

"उखळना खाले शेतस," सुगी म्हणाली. "म्हातारी मालकीन तठेच चांदी ठेवे."

बागाइतदार चरकला. म्हातारी मालकीण म्हणजे त्याची आई... ती तर सुगी जन्मायच्या आधीच गेलेली!

साहेबांनी लगेच माणसं धाडली, मीही गेलो. उखळ जमिनीत पुरलेलं होतं. भोवतीची माती घट्ट, कुठे उकरल्याची खूण नाही — मी स्वतः गुडघ्यावर बसून पाहिलं. गड्यांनी पहारी लावून ते कसंबसं हलवलं. आणि खाली तेच वाळे! बाळाच्या आईनं लगेच ओळखले.

मी कोर्टात घसा फोडून सांगितलं, साहेब, एवढीशी पोर ते उखळ हलवणार कशी?

"कशीही," साहेब म्हणाले. "जिला लपवायची जागा कळते, तिला चोरीही कळते."

झालं! पोर खरं बोलली आणि तिथंच माझा बचाव संपला. अजून जीव तुटतो हो.

पोलिसांच्या गाडीपाशी रुमली रडली नाही. वाकून लेकीच्या पाया पडली. त्या चिमुरडीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाली, "वकीलदादा, मन्ही सूनकडे ध्यान ठेवजो."

सुधारशाळेतच सुगी तापानं गेली.

वाळे तिथं कसे पोचले, याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. पुढे शहाद्याच्या बाजारात रुमली भेटली. कडेवर तान्ही मुलगी. मला पाहून तीच समजावणीच्या सुरात म्हणाली, "घर उनी ना, दादा. तुमना कोर्टनी सोडी नही, तरी उनी." उनी, म्हणजे आली.

ती बाळाचं झबलं वर करून पाठ दाखवायला लागली. मी मान फिरवली. पुरावा दाखव म्हणायची हिंमत झाली नाही.