हिरवं आधी कडू लागतं

आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जैतुनाची गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा झाली होती की त्यांनी तोंड उघडलं की मीच पुढची सांगायला लागायचे. ते चिडायचे. "मला सांगू दी की जरा," म्हणायचे. मला मुळातच धीर कमी आणि सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसाकडं वेळच वेळ. आता ते नाहीत आणि गोष्ट पुरी सांगायची पाळी माझ्यावर आली आहे.

सुभेदार असताना ते वर्षभर शांतिसेनेबरोबर लेबनॉनला होते. छावणीच्या कुंपणापलीकडं ऑलिव्हच्या बागा होत्या. तिकडच्या लोकांसारखं आण्णाही त्याला जैतून म्हणत. थंडीच्या तोंडाला एकाच झाडावर हिरवी आणि काळी फळं दिसायची. कराडकडच्या डोंगरात करवंदं खात वाढलेला माणूस. काळं म्हणजे पिकलेलं आणि पिकलेलं म्हणजे गोड, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी मूठभर काळी तोडली आणि तोंडात टाकली. कडूजहर! थुंकून थुंकून जीव गेला. बागेतली म्हातारी पोट धरून हसली आणि दुसऱ्या दिवशी मिठाच्या पाण्यात मुरवलेली दोन्ही तऱ्हेची फळं ताटलीत घेऊन आली. हिरवी म्हणजे कच्ची तोडलेली, काळी म्हणजे झाडावर पिकू दिलेली.

"हिरवं आधी कडू लागतं," आण्णा सांगायचे, "मग खारट. आन् दाताखाली करकरतं. काळं मऊ. त्येला तेल सुटतं, जरा आंबूस लागतं आन् खारट मागनं येतं. डोळं बांधून दिलं तरी सांगीन."

येताना त्यांनी एक बरणी आणली होती. आईनं त्यातलं एकच खाल्लं. "ह्यापरीस आपली करवंदं बरी," हा तिचा निकाल, आणि तो तिनं कधी बदलला नाही.

आण्णांना जिभेच्या मुळाशी कॅन्सर निघाला तेव्हा दोघंही सांगलीला माझ्याकडं राहायला आली. रेडिएशन झालं. गाठ गेली, पण तोंडाची चव पार गेली. माझ्या स्वयंपाकघरात आई दिवसभर काहीतरी रटरटत ठेवायची, ताकातल्या कण्या, मुगाचं कढण, मऊ भात. आण्णा दोन घास घ्यायचे आणि ताट सरकवायचे. "माती खाल्ल्यागत लागतंय गं." उरलेलं आई ओट्यापाशी उभ्यानं संपवायची. मला दोघांचाही राग यायचा. राग कसला, भीतीच होती ती.

डॉक्टर म्हणाले, चव हळूहळू येईल, काही महिने लागतील, पण वजन असंच उतरत राहिलं तर तोवर थांबता येणार नाही. सोमवारी बघू, नाहीतर नाकातून नळी घालू. आण्णांनी वॉर्डात नळी घातलेली माणसं पाहिली होती. सीमेवर कधी घाबरले असतील तर आम्हाला माहीत नाही, पण त्या नळीला घाबरले. "चव आली की जेवीन की मी," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

शनिवारी त्यांनी मला हाक मारली. "जैतून मिळतंय का बघ. दोनी आण, हिरवं आन् काळं."

किती दिवसांनी या माणसानं खायला काही मागितलं होतं! मी चप्पल घातली आणि निघाले. मॉलमधून दोन बरण्या आणून आईच्या हातात ठेवल्या.

रविवारी सकाळी आईनं दोन वाट्यांत बारीक फोडी करून आणल्या. आण्णा म्हणाले, "बांध डोळं." मी त्यांच्याच मफलरनं डोळे बांधले. आईनं पहिली फोड दिली. ते बराच वेळ चावत राहिले.

"हिरवं," ते म्हणाले. "आधी कडू लागलं. मग खारट. लय खारट हाय, अगदी तिथल्यागत."

मग दुसरी. "काळं. तेल सुटलं बघ. खारट मागनं आलं."

मी टाळ्या वाजवल्या. शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडले, "आई, चव आली!" आई हातातल्या वाटीकडं बघत होती. "व्हय," ती म्हणाली. "लयच खारट हाईत."

त्या आनंदात आपणही एक खावं म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. उरलेली फळं पातेल्यात पाण्यात होती. एक तोंडात टाकलं. काही नाही. दुसरं टाकलं. काळं तर नुसता पाणचट चोथा, आणि मीठ कशातच नव्हतं.

आई मागून आली. खारवलेल्या कैऱ्या आमटीत घालण्याआधी आमच्याकडं पाण्यात ठेवतात, पाणी बदलून बदलून खार काढतात. तिनं रात्रभर तेच केलं होतं. "तोंडात फोड हाईत त्येंच्या," ती हळूच म्हणाली. "झोंबलं असतं. म्हनून समदा खार काढला. चाखूनच दिलं मी."

म्हणजे कडक की मऊ एवढं त्यांच्या दातांना कळलं होतं. बाकी सगळं त्यांनी आम्हाला पाठ म्हणून दाखवलं होतं, सोमवार टळावा म्हणून. मी तरातरा बाहेर निघाले, काय बोलणार होते देव जाणे. आईनं मनगट धरलं.

"सांगू नगंस. आपल्याला कळलं न्हाई, आसंच वाटू दी त्यास्नी."

बाहेरून आण्णांची हाक आली, "आजून आण गं दोन." आई डोळे पुसून वाटी घेऊन गेली. त्यांनी त्या वाटीतलं सगळं खाल्लं. जीव काढून गिळत होते.

सोमवारी डॉक्टरांनी विचारलं, "चव येते का?" आण्णा म्हणाले, "येती." आईनं न विचारताच सांगितलं, "व्हय डॉक्टर, काल खारट वळखलं त्येंनी. मी सवता भरवलं." आयुष्यात तिला मी एवढं धडधडीत खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. पण वजनकाट्यावर आण्णा आणखी उतरले होते. नळी घातली. ती निघायच्या आधीच ते गेले.

आई आता माझ्याकडंच असते. फारसं बोलत नाही. आण्णांच्या आजारात काय करायचं राहिलं, याचा हिशेबही ती मांडत नाही. एकच गोष्ट तिच्या मनातून जात नाही. भांडी घासताना, वाती वळताना मध्येच थांबते आणि मला विचारते, "मी खार काढला नसता, तर लागलं असतं का गं त्यास्नी?"