ब्रेकबाईंची काच

ब्रेकबाई गाडी चालवायला शिकवतात. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक आहे, तो दाबताना त्या "ब्रेक!" असं ओरडतात, आणि सवय अशी जडली आहे की घरीही ओरडतात. मग नवरा तोंडाशी नेलेला चहाचा कप तसाच धरून बसतात आणि सासूबाई जपमाळेचा मणी मध्येच थांबवतात.

त्यांच्या गाडीच्या समोरच्या काचेवर रेघ पाडली ती शिकायला येणाऱ्या न्हावीदादांनी. माणूस हातानं इतका हलका, की दाढी चालू असताना गिऱ्हाईक घोरायला लागतं. पण स्टिअरिंगवर बसला की वळायचा इंडिकेटर द्यायच्या ऐवजी हटकून वायपर लावायचा. कोरड्या काचेवर खट-खुट, खट-खुट. एकदा वायपरचं रबर सुटलेलं दोघांच्याही लक्षात आलं नाही आणि उघडी पत्र्याची पट्टी अख्खा बाजाररस्ताभर काचेवर नाचली. धनुष्यासारखी वाकडी रेघ उमटली. सकाळचं ऊन तिच्यावर पडलं की समोर रस्ता नाही, नुसता लखलखाट.

"नवी काच बसवून टाकू," नवरा म्हणाले. ते गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतात आणि नव्या वस्तूचा त्यांना भारी सोस.

"अहो, मशीन मिळतं! व्हिडिओत बघितलंय मी. त्याला दाबलेल्या लोकरीचा नमदा लावायचा, पावडर लावायची, गर्रर्र फिरवायचं, रेघ गायब!" ब्रेकबाईंचे हात तेव्हापासूनच शिवशिवायला लागले.

दोघं अवजारांच्या दुकानात गेले, बाईंनी रेघेची कथा सांगितली, आणि दुकानदारानं पहिला प्रश्न विचारला, "ताई, रेघेत नख अडकतं का?"

ब्रेकबाई धावत बाहेर गेल्या, काचेवरून नख फिरवून धावत आत आल्या. "नाही अडकत!"

"मग रेघ वरवरचीच आहे, जमेल. अडकलं असतं तर मीच परत पाठवलं असतं."

दुकानात एका जुन्या गाडीचं दार स्टँडवर आवळून ठेवलं होतं, रेघ पडलेल्या काचेसकट. गिऱ्हाइकानं मशीन हातात धरून बघावं म्हणून. ब्रेकबाईंनी सगळ्यात दांडगं मशीन उचललं. त्याला वेग एकच, आणि तोही सुसाट. दुकानदारानं पाण्यात कालवलेली गुलाबीसर पावडर नमद्याला लावली आणि "जरा सांभाळून" हे शब्द त्याच्या तोंडातून निघेपर्यंत बाईंनी बटण दाबलं.

मशीन काचेवर टेकलं आणि बाईंनाच घेऊन निघालं. दारावरून टेबलाकडे, टेबलावरून परत दाराकडे. गुलाबी शिंतोडे दुकानदाराच्या मिशीवर, नवऱ्याच्या चष्म्यावर, छताच्या पंख्यावर.

"ब्रेक! ब्रेक!" बाई ओरडल्या.

"बटण सोडा, ताई!"

बटण सुटलं. बाईंना हसू फुटलं ते आवरेचना. दुकानदारानं मिशी पुसत काचेला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "बघा, चटका बसतोय. इतकी तापली की काच तडकते. हे मशीन लोखंड घासायला ठीक."

दुसरं फार गोड होतं. ते फिरता फिरता थरथरायचं, हाताला गुदगुल्या व्हायच्या. बाईंनी डोळे मिटून बराच वेळ चालवलं. डोळे उघडले तर रेघ जागच्या जागी.

"हे काचेला नुसतं थोपटतंय हो!"

"रंगाला चांगलं आहे ते," दुकानदार म्हणाला. "काच टणक असते. तिला सरळ गोल फिरणारं लागतं, पण हळू."

नवरा तोवर बिनवायरचं एक लालचुटूक मशीन छातीशी धरून उभे होते. "हे बघ ना, किती सुबक आहे."

"दादा, काचेचं काम रेंगाळतं," दुकानदार हसला. "अर्ध्यात बॅटरी बसली की तुम्ही पण बसाल."

शेवटी निघालं एक करडं, दिसायला अगदीच साधं मशीन. दोन हातांनी धरायचं, वायरवालं, आणि अंगठ्याखाली वेगाची चकती. नवऱ्यांनी चकती हळूच पुढे-मागे केली, आवाज चढला, उतरला, आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं, हे तर माझ्या शिलाईमशीनच्या पायडलसारखं! जेवढं दाबावं तेवढंच धावतं. हेच घे."

घरी अंगणात गाडी उभी राहिली. बॉनेटवर जुन्या चादरी पसरल्या. रेघ कुठून कुठवर आहे ते काचेच्या आतून स्केचपेननं आखून घेतलं. नवरा इस्त्रीचा पाण्याचा फवारा घेऊन सज्ज. आणि सासूबाई न विचारताच गाडीत ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसल्या, आतून काचेला तळवा लावून.

"आई, तुम्ही कशाला?"

"काच तापली तर सांगायला कोणी नको?"

काम सुरू झालं. एका जागी थांबायचं नाही, नाहीतर काचेला खोलगट लाट येते आणि पुढची गाडी नाचताना दिसते, असं दुकानदारानं बजावलं होतं. बाई डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. आतून सासूबाईंची आकाशवाणी: "गार... कोमट... अगं, ब्रेक!" सुनेवर ब्रेक ओरडायची संधी आयुष्यात पहिल्यांदाच मिळाल्यानं त्या काच गार असतानाही दोनदा ओरडल्या. नवरा फवारा मारता मारता हसले, नेम चुकला आणि बायको चिंब.

दुपार कलली, खांदे भरून आले, आणि बाईंनी ओल्या फडक्यानं काच पुसली. रेघ नव्हती. त्यांनी वाकून पाहिलं, तिरकं पाहिलं, नख फिरवलं, आणि मशीन हातात घेऊन अंगणात गिरकी मारली. वायर पायात अडकली तेव्हाच थांबल्या.

दुसऱ्या दिवशी न्हावीदादा शिकायला बसले. गाडी सुरू केली, समोर पाहिलं, आणि बंद केली.

"बाई, माझा भांग कुठे गेला?"

"कसला भांग?"

"अहो, ती रेघ! रस्त्याकडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर तिचं टोक धरून तर मी गाडी सरळ ठेवत होतो!"

बाईंनी डॅशबोर्डवर डोकं टेकलं. हसून हसून डोळ्यांतून पाणी आलं. मग तोंड पुसून म्हणाल्या, "दादा, जवळ बघू नका. तो पार टोकाचा खांब दिसतोय ना? तिकडे बघा आणि चला."

न्हावीदादा चालले. आधी वाकडेतिकडे, मग चक्क सरळ. बाईंचा पाय ब्रेकवर होता, पण तो दाबावा लागला नाही, आणि बाईंना त्याची इतकी गंमत वाटली की त्यांनी गाडी खांबाच्याही पुढे चार रस्ते न्यायला लावली.

सुट्टीच्या दिवशी सासूबाई तयार होऊन गाडीजवळ उभ्या. आजवर त्या नेहमी मागे बसत. आज पुढचं दार उघडून बसल्या. नवरा निमूटपणे मागे.

"कुठे जायचंय, आई?"

"कुठेही. इतकी स्वच्छ काच आहे, बघू दे की जरा."

गाडी निघाली आणि सासूबाई दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचायला लागल्या. "औषधांचं दुकान. चपला. येथे किल्ल्या बनवून मिळतील. अगं, ते बघ, गाढवाएवढं कुत्रं!" मागून नवरा म्हणाले, "घरी परत कधी फिरायचं?" पण पुढे बसलेल्या दोघींनी ऐकलंच नाही. बाईंनी गियर बदलला आणि सासूबाईंनी पुढची पाटी वाचली.