दोनदा कांडलेला तांदूळ

कॉलेज सुटलं की मी दुपारी एका लहान कंपनीत कामाला जायचे. कोल्हापुरातल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्या, एवढीच ती कंपनी. खतं-औषधं न मारता पिकवलेले भाताचे जुने वाण शेतकऱ्यांकडून घ्यायचे, निवडायचे आणि पाकिटांत भरून विकायचे. कंपनी चालवणाऱ्या बाईंना आम्ही मॅडम म्हणायचो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मॅडमशी बोलायचं तर मी आधी मनात वाक्य जुळवायचे, आणि ते जुळेपर्यंत त्या दुसऱ्या कामाला लागलेल्या असायच्या.

आमचं गाव राधानगरीच्या पुढं. ओढ्याकाठच्या एका वाफ्यात आई दरवर्षी तांबडा भात लावते. बी तिच्या माहेरचं. बाकी सगळ्या रानात ऊस आहे आणि वडिलांना तो वाफाही उसाखाली हवा होता. त्यांचं अगदीच चूक होतं असं मला म्हणता येत नाही. हा भात कमी उतरतो आणि विकत कोणी घेत नाही. कंपनी नवे शेतकरी शोधतेय हे मी दिवाळीच्या सुट्टीत घरी सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, कंपनीनं घेतला तर वाफा राहू दे, नाहीतर जानेवारीत उसाची लागण. आईनं फक्त नमुना किती पाठवायचा ते विचारलं.

कंपनीतल्या नव्या शेतकऱ्यांच्या यादीत मी नुसतं गावाचं नाव लिहिलं. घरचं पुढं केलं असं कोणाला वाटू नये, म्हणून तो भात आमचा आहे हे सांगितलंच नाही.

नमुन्याची पिशवी एसटीनं आली. आईनं तोंड शिवून पाठवलेली. मॅडमनी ती उसवून परातीत ओतली. तांदूळ पांढराशुभ्र होता. मॅडमनी दाणे हातावर घेतले, खिडकीपाशी नेऊन पाहिले. हा तांबडा वाण नव्हेच, म्हणाल्या, कोणीतरी बाजारातला आणून भरलाय. त्यांनी आमच्या गावावर रेघ मारली. मी समोरच उभी होते.

बाहेर जिन्याखाली जाऊन आईला फोन लावला. तिनं आधी विचारलं, पोचला का, आणि आवडला का.

"आई, पांढरा कसा झाला गं?"

"गिरणीत दोनदा कांडून आणला की," ती म्हणाली. "तुझ्या सायबीणबाईला तांबडा द्यायचा व्हय? पावण्याला कोण तांबडा वाढतंय काय?"

मला रागवायचं होतं, पण जमलं नाही. आमच्याकडं तशीच रीत आहे. तांबडा भात घरच्यांनी खायचा. पाहुणा आला की दुकानातून पांढरा आणायचा, दुकान बंद असेल तर शेजारून मागून आणायचा. मीही त्यातलीच. खोलीवर मी घरचाच तांदूळ शिजवायचे, पण डबा कंपनीच्या मागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून खायचे. पुढच्या खोलीत तसलीच पाकिटं रचलेली असताना.

त्या दिवशी डबा अजून खायचा होता. तो घेऊन मी मॅडमच्या टेबलापाशी गेले. मनात जुळवलेलं वाक्य काही बाहेर आलं नाही. झाकण काढून डबा पुढं ठेवला आणि म्हणाले, "तो तांदूळ आमचाच आहे. हा पण तोच. आईनं तुमच्यासाठी म्हणून त्याचा तांबडा कोंडा काढला."

मॅडमनी डब्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. चमचा मागितला. दोन घास खाल्ले, तिसरा सावकाश खाल्ला. "हे आधी सांगायचं नाही का गं?" म्हणाल्या, आणि न कांडलेला भात मागवायला सांगितला. तो बघून नक्की ठरवू, पण त्याआधी रविवारी त्यांना रान पाहायचं होतं.

संध्याकाळी आईला हे सांगितलं तर ती घाबरलीच. मॅडमनी भात कशाबरोबर खाल्ला, हेच ती विचारत राहिली. नुसताच खाल्ला, म्हटलं. त्यावर ती म्हणाली, "नुसता कशापायी दिलास गं? दही तरी वाढायचं."

वडील कधी फोनवर बोलत नाहीत. त्या दिवशी त्यांनी तिच्या हातातून फोन घेतला. भात कापून झालाय, वाफ्यात आता धसकटं तेवढी उरलीत, बाई ती बघायला येणार काय, असं विचारलं. मी हो म्हणाले. उसाच्या लागणीचं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण धीर झाला नाही.

"येऊ देत," ते म्हणाले. "गाडी ओढ्यापतूर येती. फुडं बांधावरनं चालाय लागंल म्हणून सांग. उद्या बांधावरचं गवात काढून ठेवतो."