मधल्या उंचीचा ओटा

आमच्या साडूंइतका निःपक्षपाती माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर त्याच्या बायकोबद्दल मला आत्तापासूनच कणव वाटते. साडू वकील आहेत, पण कोणाचेच नाहीत. ऐन उमेदीत एकदा कोर्टात उभे असताना समोरच्या वकिलाचा युक्तिवाद ऐकून ते इतके भारावले की न्यायाधीशांना म्हणाले, "यांचं म्हणणं मला जास्त पटतं." त्यांचा अशील त्यांच्या मागे बसस्टँडपर्यंत धावत गेला होता म्हणतात. त्या दिवशी साडूंना उमगलं की आपला जन्म बाजू मांडण्यासाठी झालेला नाही, दोन बाजूंच्या मध्ये बसण्यासाठी झाला आहे. तेव्हापासून ते बांधकामाचे आणि नोकरीचे तंटे मिटवतात. घरमालक आणि मिस्त्री, शेटजी आणि नोकर, असे एकमेकांचं तोंड न पाहणारे लोक कोर्टाच्या पायऱ्या चढण्याआधी साडूंच्या पायऱ्या चढतात. पाटीवर 'मध्यस्थ व लवाद' असं लिहिलेलं आहे. दोन्हीत फरक काय, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मध्यस्थ म्हणजे दोघांना कबूल होईल असं काहीतरी शोधणारा. लवाद म्हणजे तो जे ठरवील ते दोघांनी आधीच कबूल केलेलं." लवादाने शेवटी निवाडा लिहायचा असतो. त्यासाठी साडूंनी जाडजूड कागदाचा एक गठ्ठा फार पूर्वीच छापून आणला होता, पण त्यातला एकही कागद कधी खर्ची पडला नाही. निवाडा लिहायचा तर कोणीतरी एक बरोबर निघावा लागतो, आणि साडूंना नेहमी दोघेही बरोबर वाटतात.

मध्ये बसणं ही त्यांच्या लेखी नुसती बोलायची गोष्ट नव्हे. त्यांची स्वतःची घडीची खुर्ची आहे. ज्याच्या खुर्चीवर बसावं त्याच्याकडे मन कलतं, असं त्यांचं मत. ती खुर्ची ते दोन्ही पक्षांपासून टेपने मोजून बरोबर मध्यावर मांडतात आणि कोणी बोटभर जरी पुढे सरकला तरी पुन्हा मोजतात. चहा कोणाचा घेत नाहीत. अगदीच आग्रह झाला तर दोन्हीकडचा अर्धा-अर्धा एका कपात ओतून घेतात, मग एक वेलचीचा असो की दुसरा बिनसाखरेचा. लग्नात अर्धी जिलेबी वरपक्षाच्या पंगतीत खातात आणि उरलेली अर्धी हातात धरून वधूपक्षाकडे जातात. क्रिकेटचा सामना बरोबरीत सुटला की त्या संध्याकाळी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं ते मी मोठमोठ्या साधुपुरुषांच्या चेहऱ्यावरही पाहिलेलं नाही.

त्यांच्या स्वतःच्या लग्नात वरात कोणत्या रस्त्याने न्यायची यावरून दोन्हीकडचे मामा भिडले, तेव्हा नवरदेव घोड्यावरून खाली उतरले, मुंडावळ्या मागे टाकल्या आणि रस्त्याच्या मधोमध खुर्ची मागवली. दोन्ही मामांचं सविस्तर ऐकून होईपर्यंत मुहूर्त निघून गेला. नवरी हार घेऊन मांडवात उभीच. ही नवरी म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. तो प्रसंग निघाला की ताई अजून कपाळावर हात मारते. "तवाच समजाले पायजे होतं मले," ती म्हणते, "का हा मानूस कोनाच्याच बाजूचा नाई!"

साडूंची खरी करामत म्हणजे त्यांची उलटी सुनावणी. सरळ भांडून दोन्ही पक्ष दमले की ते त्यांना जागा बदलायला लावतात. मग मालकाने मिस्त्री होऊन बोलायचं आणि मिस्त्रीने मालक होऊन, तेही 'मी' म्हणूनच. वाशीमच्या एका कापड दुकानाचं प्रकरण मी स्वतः पाहिलं आहे. तिथला जुना नोकर गिऱ्हाइकाच्या कानाशी लागून "बाई, हा रंग पैल्याच धुन्यात जाईन" असं सांगायचा, म्हणून शेटजींनी त्याला काढून टाकलं होतं. साडूंनी जागा बदलल्या. शेटजी खाली सतरंजीवर बसून नोकर झाले. "म्या खरं सांगतो म्हनून तं बाया तालुक्यावरून या दुकानात येऊन राह्यल्या, शेटजी! मले काहून काढता?" असं म्हणून त्यांनी रुमालाने डोळे पुसले. तिकडे गादीवर बसलेला नोकर लोडावर हात आपटून ओरडला, "दुकान हाये का सत्यनारायनाची कथा? उद्यापासून येऊ नोको!" उलटी सुनावणी संपली तेव्हा शेटजींना पटलं होतं की नोकराला ठेवलंच पाहिजे, आणि नोकराला पटलं होतं की आपल्याला काढलं हेच बरोबर. त्याला परत कामावर आणायला आणखी दोन बैठका लागल्या. साडू मात्र खूश होते. "प्रगती आहे," ते मला म्हणाले. "वाद तोच आहे, फक्त माणसं बदलली."

जऊळक्याच्या एका घराचा जिना स्लॅबच्या दोन फूट खालीच संपला होता. घरमालक म्हणे जिना आखूड झाला, मिस्त्री म्हणे स्लॅब वर गेला. दोघांच्याही मालकीची नसलेली जागा म्हणून साडूंनी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर खुर्ची मांडली आणि तिथून सुनावणी घेतली. खाली दोन्ही पक्ष आभाळाकडे पाहत भांडत होते. जेवणाच्या वेळेपर्यंत दोघांच्याही माना अशा अवघडल्या, की वर आणखी तीन पायऱ्या बांधायच्या यावर त्यांनी आपसातच समेट केला आणि साडूंना खाली उतरण्याची हात जोडून विनंती केली.

अशा माणसाच्या घरात ताईने सव्वीस वर्षं काढली, तीही भाड्याच्या घरांत, दुसऱ्यांच्या मापाच्या ओट्यांवर. म्हणून वाशीममध्ये स्वतःचं घर बांधायला काढलं तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली होती, आपल्या मापाचा ओटा. काम रहीम मिस्त्रीकडे होतं. हा मिस्त्री आमच्या भागात ओट्यांसाठी नावाजलेला. घर पूर्ण झालं, ओटा चकचकीत झाला, आणि पहिल्या दिवशी ताई भाकरी थापायला उभी राहिली तर परात तिच्या छातीशी आली. ताई उंचीला बेताची. तिने पाट आणला, पाटावर चढून भाकरी थापली, पाटावरून उतरून तवा घेतला, पुन्हा चढली. गुडघे आधीच दुखरे. आठवडाभर अशी चढउतार केल्यावर तिने मिस्त्रीला बोलावून चांगलं झापलं. मिस्त्री म्हणाला, "भाभी, माप घ्याच्या दिवशी तुमीच घरी नव्हत्या." मग ताई नवऱ्याकडे वळली. "तुमी सांगा. कोन चुकलं? माहं बरोबर का याचं?"

साडूंनी खुर्ची आणली.

टेपने मोजून ती ताई आणि मिस्त्री यांच्या मध्ये मांडली आणि म्हणाले की दोन्ही पक्षांना रीतसर ऐकून घेतल्याशिवाय मत देता येणार नाही. मिस्त्रीने दोनदा तोंड उघडलं, "पन साहेब, त्या दिवशी तुमीच..." दोन्ही वेळा साडूंनी हात वर केला. "लवादाला साक्षीत ओढता येत नाही." ताईने पदर खोचला, पिशवी भरली आणि दुपारच्या बसने अनसिंगला आमच्या घरी आली. माझ्या बायकोला म्हणाली, "एवढ्या वर्षांत एकदा तरी माही बाजू घेतली का त्यायनं? आता ओट्याचं काय ते सांगतीन तवाच मी परत जाईन. नाई तं मी इथंच बरी."

आम्हाला वाटलं दोन दिवसांत साडू येतील, हातापाया पडतील, घेऊन जातील. चौथ्या दिवशी पोस्टमन आला. ताईच्या नावाने रजिस्टर्ड नोटीस होती: पक्षकार क्रमांक एक यांनी सुनावणीस हजर राहावे, ठिकाण वादग्रस्त ओटा. खाली पेनने एक ओळ लिहिलेली होती, 'पाट सोबत आणण्याची गरज नाही, तो इथेच आहे.' ताईने नोटीस दोनदा वाचली. मग इतक्या शांतपणे घडी घालून पिशवीत ठेवली की माझी बायको घाबरली. "भाऊजी, तुमी चाला माह्यासंगं," ताई मला म्हणाली. "आन् आयका, मी पिशवी घेऊन जाते. ती तिथं ठेवाची का परत आनाची, ते तिथंच पाहू."

सुनावणीला मला नोंदी घेण्याचं काम मिळालं, मी शाळामास्तर म्हणून. ओट्याच्या डावीकडे ताई, उजवीकडे रहीम मिस्त्री, मध्ये खुर्चीवर साडू, आणि ताईची पिशवी दारात. सरळ सुनावणी पाच मिनिटांत आटोपली, कारण दोघांनीही आपापलं वाक्य आधीच शंभरदा म्हटलेलं होतं. साडूंनी चष्मा पुसला. "जागा बदला."

ताई मिस्त्रीच्या जागी उभी राहिली. तिने कमरेवर हात ठेवले आणि सुरुवात केली. "मी रहीम मिस्त्री बोलून राह्यलो. ओटा बांधाच्या आंधी मी घरच्या बाईले उभी करतो, तिच्या कोपराच्या चार बोटं खाली खडूनं रेघ मारतो. आजपावतर माहा ओटा चुकला नाई. त्या दिवशी भाभी जऊळक्याले बारशाले गेल्या होत्या. मंग मी रेघ कोनाच्या कोपरावर मारू? घरात तं..." इथे ती थांबली. मिस्त्रीचं दोनदा अडवलेलं वाक्य तिच्या आत्ता ध्यानात आलं असावं. तिने खुर्चीकडे पाहिलं. पुढचं बोलताना ती मिस्त्रीची नक्कल करत नव्हती. "घरात साहेब होते. मी साहेबाले इचारलं, साहेब, माप कोनाचं घेऊ, तुमचं का भाभीचं? आन् साहेब म्हनले, दोघायच्या मधातलं घे."

रहीम मिस्त्री फरशीकडे पाहत राहिला. साडू सहा फुटांचे, ताई त्यांच्या खांद्याच्याही खाली. जन्मात कधी ओट्यापाशी उभ्या न राहिलेल्या माणसाच्या कोपराचाही त्या ओट्यात निम्मा वाटा होता. "लवादाचं नाव कामकाजात..." एवढंच साडू बोलले आणि त्यांचं वाक्य तिथेच राहिलं.

आता मिस्त्रीने ताई होऊन बोलायचं होतं. तो लाजला. खांद्यावरचा रुमाल त्याने डोक्यावर घेतला, ते पाहून मला हसू फुटणार होतं. वर्षभर त्या घराचं काम करताना त्याच्या कानावर काय काय पडलं होतं कोण जाणे. "माहे गुडघे दुखतात," तो म्हणाला. "पाटावर चढा, पाटावरून उतरा. पन ओट्याचं काही नाई, ओटा फोडता येते. सव्वीस साल झाले, साहेब. सासूसंगं वाजलं तं तुमी मधात, भाजीवाल्यासंगं वाजलं तं तुमी मधात. साऱ्या जिल्ह्याचं बरोबर असते. एखाद्या बार माहंबी बरोबर असू द्या ना."

मी पेन खाली ठेवलं. ताईने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं, आणि मला मनापासून वाटलं की आता ती पिशवी उचलणार. साडू उठले. खुर्चीची घडी घालून त्यांनी ती भिंतीला टेकवली. "या प्रकरणात मी लवाद राहू शकत नाही," ते म्हणाले. "मी इथं पक्षकार आहे." मग त्यांची कोर्टातली भाषा संपली. "तुहं बरोबर हाये," ते ताईला म्हणाले.

"काय म्हनलं?"

"तुहं बरोबर हाये. माहं चुकलं."

ताईने पदराने नाक पुसलं. "लेखी द्या," ती म्हणाली.

साडूंनी जाड कागदाचा तो कोरा गठ्ठा काढला, पण पक्षकाराला स्वतःच्या प्रकरणात निवाडा लिहिता येत नाही, असा नवाच पेच उभा राहिला. तिथे तटस्थ असा मीच होतो, दोघांच्याही सारख्याच नात्यातला. तेव्हा त्यांनी ती घडीची खुर्ची पुन्हा उघडून मला दिली आणि साडूंच्या गठ्ठ्यातला पहिलावहिला निवाडा मी लिहिला: पक्षकार क्रमांक एक यांचे बरोबर आहे. रहीम मिस्त्रीने साक्षीदार म्हणून सही केली. मग त्याने खिशातून खडू काढला, ताईला ओट्यापाशी उभं केलं आणि तिच्या कोपराच्या चार बोटं खाली रेघ मारली. साडूंनी तोवर दारातली पिशवी उचलून आत नेऊन ठेवली होती.

याला आता काही वर्षं झाली. बाहेर साडू तसेच आहेत; खुर्ची मोजून मांडतात, चहा अर्धा-अर्धा पितात. ताईच्या मापाचा ओटा झाला खरा, पण तिच्या गुडघ्यांनी तिला त्याच्यापाशी फार दिवस उभं राहू दिलं नाही. हल्ली ती आतल्या खोलीत पलंगावर बसून असते आणि संध्याकाळचा चहा साडू करतात. परवा गेलो तेव्हा तो सहा फुटांचा माणूस त्या बुटक्या ओट्यावर कमरेतून पार वाकून चहा गाळत होता. आतून ताईचा आवाज आला, "काल अद्रक कमी होतं!" साडूंनी चहाची बाजू ऐकून घेतली नाही. "हाव, तुहं बरोबर हाये," ते गाळणी हातात धरून म्हणाले.

मला राहवलं नाही. म्हटलं, "साडूभाऊ, ताई काही आता इथं उभी राहत नाही. ओटा थोडा उंच करून घ्या. कंबर दुखत असेल तुमची."

"दुखते नं," त्यांनी एका हाताने कंबर चेपली आणि दुसऱ्या हाताने ताईचा कप उचलला. "पन ओटा बरोबर हाये."