पैकीच्या पैकी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती गेली तेव्हा वाटलं, निदान तिला तरी सांगायला हवं होतं – मग वाटलं, बरं झालं, तिला कळलं नाही. दोन्ही खरं आहे. आता शिरूरच्या घरात मी एकटाच असतो. टीव्ही लावून ठेवतो, आवाजासाठी. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

मी इतिहासाचा शिक्षक. ज्युनिअर कॉलेजला आयुष्य गेलं. आमच्या संस्थेची शिरूर आणि दौंड तालुक्यांत बरीच कॉलेजं आहेत आणि बारावीच्या मुलांसाठी संस्था इतिहासाची एक शिष्यवृत्ती परीक्षा घेते. पहिली येणारी मुलगी किंवा मुलगा पुण्याला इतिहास शिकायला जातो, राहण्या-जेवणासकट. या परीक्षेत पाठांतर चालत नाही. मुलांच्या हातात चार-पाच जुने कागद देतात – एखादा सरकारी अहवाल, एखादा अर्ज, नकाशा, वर्तमानपत्रातली बातमी – आणि एक प्रश्न. कागद वाचून निबंध लिहायचा.

तो निबंध तपासायचा कसा, हे आज या दोन तालुक्यांत मी शिकवतो. निवृत्त झालो तरी बोलावतात, शाल देतात. आणि जेव्हा खरंच तपासायची वेळ आली होती, तेव्हा मला ते कळत नव्हतं.

परीक्षा सुरू झाली त्या वर्षी दौंडला आमचं ट्रेनिंग झालं. शिकवायला एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी सगळं नीट सांगितलं असणार. मी मान हलवत होतो. हॉलमध्ये वयानं सगळ्यात मोठा मीच – प्रश्न कसा विचारणार? बाकीचे माझ्याकडे बघून वहीत लिहीत होते. मी घरी आलो तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच होतं, की अक्षर बघायचं, मुद्दे मोजायचे आणि कागदातलं किती उतरलंय ते बघायचं. तीस वर्षं तसंच तपासलं होतं.

प्रश्न होता – दुष्काळात सरकारी मदत गावापर्यंत पोचली का? कागदांत एका इंग्रज अंमलदाराचा अहवाल होता. त्यात लिहिलेलं, गावात पाण्याची टंचाई नाही, सरकारनं खोदलेल्या नव्या विहिरीवर सर्व लोक पाणी भरतात. बहुतेक मुलांनी ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं. एका पोरानं तर पाचही कागद सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून काढले होते. मी त्याला दहापैकी नऊ दिले.

मग प्रज्ञाचा पेपर आला. आम्ही आपल्याच वर्गाचे पेपर तपासत होतो, पेपरवर नुसते नंबर. पण अक्षर कुणाचं ते कळत नाही होय? प्रज्ञा निमोण्याची. एस.टी.नं यायची, मागच्या बाकावर बसायची, फारसं बोलायची नाही. तिनं सुरुवातच केली होती – मदत गावापर्यंत पोचली, पण सगळ्या गावापर्यंत पोचली नाही. पुढं तिनं लिहिलं होतं, की हा साहेब पाटलाच्या घरी उतरला होता, तसं त्यानंच अहवालात म्हटलंय. मग ‘सर्व लोक’ हे त्याला कुणी सांगितलं? नकाशात ओढ्यापलीकडे एक वस्ती दिसते. त्या वस्तीचं नाव एकाही कागदात नाही. आणि शेवटी – माझ्या आजीची आई उन्हात विहिरीपासून लांब बसून राहायची, कुणीतरी येऊन वरून पाणी ओतेपर्यंत. ती या ‘सर्व’मध्ये नव्हती.

मी त्या ओळींवर लाल पेनानं काट मारली. बाजूला लिहिलं, ‘उताऱ्यात नाही. विषयांतर.’ आणि दहापैकी तीन.

इथवर म्हणाल, चूक झाली. अज्ञान. मीही स्वतःला कैक दिवस तेच सांगत होतो.

पण गुण पाठवायच्या आधी दौंडला आणखी एक बैठक झाली. सगळ्यांनी आपापले गठ्ठे घेऊन यायचे, शंका असेल तर बोलायचं. त्या मॅडमनी दुसऱ्या कॉलेजचा एक साधासाच निबंध वाचून दाखवला आणि म्हणाल्या, “कागद उतरवून काढला त्याला गुण नाहीत. मुलानं स्वतःचं म्हणणं मांडलंय का, ते बघा. कागद त्या म्हणण्याला पुरावा म्हणून वापरलाय का? हा कागद कुणी लिहिला, कुणासाठी लिहिला, काय लपवलं, हे विचारलंय का? आणि कागदाबाहेरचं, पण प्रश्नाला लागू पडणारं काही आणलं असेल तर त्याला सगळ्यात जास्त मान द्या.”

तेव्हा मला कळलं. एका क्षणात, सगळं. मॅडमनी सांगितलेली एकेक गोष्ट प्रज्ञानं केली होती. माझा गठ्ठा पिशवीत, पायाशी होता. मॅडमनी विचारलं, “कुणाला गुण बदलायचेत का? इथंच बदला, कारण सांगा आणि सही करा.”

दोघं-तिघं उठले. एक शिक्षक हसत म्हणाले, “माझं पार उलटंच झालंय हो!” आणि सगळे हसले. कुणी त्यांना खाल्लं नाही. मी उठलो नाही. का? तो लाल शेरा सगळ्यांना दिसला असता म्हणून? हेही मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं – वयाचा मान, लाज, वगैरे.

पण ते पुरतं खरं नाही. प्रज्ञाची ती ‘सर्व’ची ओळ वाचताना मला राग आला होता. मी मांडवगण फराट्याचा. साहेब लोक गावात आले की ज्या घरी उतरायचे, त्या घरचा. आमच्या ओट्यावर त्यांच्यासाठी खुर्ची टाकायचे, हे आमचे आबा कौतुकानं सांगायचे. आमच्या गावची विहीरही आमच्याच मळ्याच्या कडेला. तिथं कोण लांब बसायचं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणी मी ऐकलेलं होतं. प्रज्ञानं माझ्या घराचं नाव घेतलं नव्हतं, तिला ते माहीतही नसेल. तरी मला वाटलं, ही पोरगी आमच्या ओट्यावर बोट दाखवतेय. पहिली काट अज्ञानाची होती की रागाची? मला आजही नीट सांगता येत नाही. दौंडच्या हॉलमध्ये मात्र अज्ञान उरलेलं नव्हतं.

शिष्यवृत्ती नऊ गुणवाल्या पोराला मिळाली. त्यानं पुढं इतिहास सोडला, असं कानावर आलं.

निकालानंतर प्रज्ञा स्टाफरूमच्या दारात आली. मी एकटाच होतो.

“सर, माझं काय चुकलं? भांडायला नाही आले. कळंना म्हणून विचारते.”

एवढंच विचारलं तिनं. मी खुर्चीतून न उठता म्हणालो, “भाषा कच्ची आहे. आणि घरचं लिहायचं नसतं. इतिहास तुझा विषय नाही, बाळा.”

बाळा म्हणालो. मला तो शब्द आठवतो. ती “बरं सर” म्हणाली आणि गेली.

त्या उन्हाळ्यात ती शिक्रापूरला कंपनीत लागली. एकदा चौकात आमची एस.टी. ट्रकांच्या रांगेत अडकली होती आणि ती खाली रस्त्याकडेला कंपनीच्या बसची वाट बघत उभी होती, गळ्यात कार्ड. तिनं वर पाहिलं की नाही, माहीत नाही. मी पलीकडच्या खिडकीकडे मान वळवली.

पुढं त्या मॅडम बदलून गेल्या आणि ट्रेनिंग घ्यायला कुणी नव्हतं. मला आता येत होतं. मी हो म्हणालो. आणि शिकवायला उदाहरण लागतं, नाही का? माझ्यापाशी एकच होतं. एका मुलीनं असं लिहिलं होतं, म्हणून मी सांगायचो – साहेब कुठं उतरला, नकाशातली वस्ती, आजीची आई. तिचे शब्द मला पाठ होते. एखादी शिक्षिका डोळे पुसायची. पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, “सर, किती दिलेत तिला?” मी म्हणालो, “पैकीच्या पैकी.” तोंडातून निघून गेलं. त्यानंतर मी ते दरवेळी, न विचारता सांगत आलो.

यंदाचं ट्रेनिंग दौंडला झालं. सकाळी सगळ्यांनी ओळख करून दिली. शेवटच्या रांगेतून एक बाई उठली. कंपनीत काम करत करत बाहेरून बी.ए., एम.ए. केलं, म्हणाली, यंदापासून तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. नाव सांगितलं. मी हजेरीच्या कागदात बघत राहिलो.

मी ते उदाहरण गाळणार होतो. खरंच गाळणार होतो. पण तिथले प्राचार्य माझ्या शेजारी बसलेले. तेच म्हणाले, “सर, तुमचं ते विहिरीचं सांगा की. ते ऐकायलाच आलेत सगळे.” आणि मी सांगितलं. नेहमीसारखं, सगळं. ‘पैकीच्या पैकी’सुद्धा.

शेवटच्या रांगेत हात वर झाला.

“सर, त्या मुलीचं पुढं काय झालं?”

आवाजात काही नव्हतं. राग नाही, टोमणा नाही. शिकणाऱ्यानं विचारावं तसं विचारलं तिनं, माझ्याकडे बघत. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. ती पंधरा पावलांवरही नव्हती.

“चांगलं झालं,” मी म्हणालो. “पुण्यात प्राध्यापक आहे.”

“बरं झालं सर,” ती म्हणाली आणि खाली बसली.

चहाला मी बाहेर गेलो नाही. पुढचं सत्र गुणदानाचं होतं आणि ते मीच घेतलं. मी फळ्यावर लिहीत होतो – कागद कुणी लिहिला, कुणासाठी लिहिला, काय लपवलं. ती शेवटच्या रांगेत बसून एकेक शब्द उतरवून घेत होती.