एकदा दाबलं, दोनदा उमटलं

आमचा दोघांचा शेवटचा चहा मी ओतला. एरवी तीच ओतायची. त्या दुपारी तिनं पातेलं माझ्या पुढं सरकवलं. "तुम्हीच वता. माझ्या हाताचा आता भरवसा न्हाय." मी गुमान ओतला. हाताला काही झालं नव्हतं, हे मला पंधरा दिवस आधीच कळलं होतं. चहा पिऊन ती आडवी झाली आणि दिवेलागणीच्या आत गेली. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

मी शिरोलीच्या फौंड्रीत राबलेला माणूस. शाळा सातवीपर्यंत. रिटायर झाल्यावर जुना कॉम्प्युटर आणला आणि त्यात लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच पण फुकटातली सिस्टीम, घालायला मोबाईलवर बघून शिकलो. त्यावर बायको गल्लीतल्या भजनी मंडळासाठी अभंग टाइप करायची, मोठ्या ठळक अक्षरांत. म्हाताऱ्या बायकांना दिसावं म्हणून.

लिनक्समध्ये दोन तऱ्हा. एक घासूनपुसून, तपासून दोन-दोन वर्षांनी निघतं, मधे नुसती डागडुजी. दुसऱ्यात आज केलेलं उद्या आपल्या घरात, मग चालो नाहीतर बिघडो. आमच्याकडं पहिलं होतं. मला दुसऱ्याची हाव सुटली.

"अवो, चाललंय न्हवं ते? मग कशाला उचकताय?"

"जुनाट झालंय. तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला अभंग कळत्यात. ते निघत्यात की बरूबर."

फौंड्रीत नव्या साच्यातलं पहिलं कास्टिंग आम्ही फोडून आतनं बघायचो, गिऱ्हाइकाला द्यायचो नाही. घरात मात्र ते दुसरं लिनक्स घातलं आणि कच्चा माल थेट बायकोच्या हातात दिला.

महिनाभर झकास चाललं. मग एका अपडेटनंतर मराठीत एकदा बटण दाबलं की अक्षर दोनदा उमटायला लागलं. दरवेळी नाही, मधूनच. तिनं मला हाक मारली. मी न बघताच बोललो, "तुझा हात थरथरतोय. वय झालं आता."

दुसऱ्या दिवशी ती देवळात गेल्यावर मी बसलो. माझ्याही बोटाखाली दोनदा. मोबाईलवर बघितलं तर कितीतरी जणांची तीच बोंब. म्हटलं, दुरुस्ती येईल चार दिवसांत, गुपचूप घालू. दुरुस्ती आली नाही. जुनं परत घालणं एका दुपारचं काम होतं. घातलं नाही. घातलं असतं तर तिचं खरं ठरलं असतं.

इकडं तिनं टायपिंग सोडलं. सुईत दोरा शेजारणीकडून ओवून घ्यायला लागली. मंडळात टाळ वाजवायची, तेही दुसरीला देऊन टाकले. मी बघत होतो.

ती गेली त्या रात्रीच लेक आली, सगळं उरकलं. सकाळी मंडळाच्या बायका येऊन बसल्या. लेक त्यांना सांगत होती, "शेवटी शेवटी आईचा हात गेलता. लई खचलीती."

मी उठलो. "हात धडधाकट होता तिचा. मी खोटं बोललो."

"बाबा, पडा जरा तुम्ही."

मी कॉम्प्युटर चालू केला, लेकीला खुर्चीत बसवलं. "लिही. आई लिही. लिहीत ऱ्हा."

तिसऱ्या ओळीत अक्षर दोनदा उमटलं. लेक स्वतःच्या बोटांकडं बघायला लागली.

"तुझी आईबी अशीच बघायची," मी सगळ्या बायकांसमोर म्हणालो. "खोट कॉम्प्युटरात हाय, हे मला म्हाईत असून मी तिला सांगितलं न्हाय."